बर्फावरच्या दोन मुली

ज्या दिवसांत आपल्याकडे शेकोट्या पेटतात आणि शिवारात हुरड्याचे बेत होतात, त्या दिवसांत कॅनडा देशातील तळी व कालवे गोठून फरशीसारखे घट्ट झालेले असतात. हिवाळा तेथे पाहुण्यासारखा येत नाही. घरच्या माणसासारखा तो चार-पाच महिने ठाण मांडून बसतो. अशा वेळी मुलांनी घरात कोंडून राहावे तरी किती? म्हणून त्या देशातील लोकांनी बर्फालाच आपले क्रीडांगण केले. घरामागच्या अंगणात नळीने पाणी सोडावे, रात्रीच्या थंडीत ते गोठू द्यावे आणि सकाळी त्याच्यावर खेळावयास उतरावे, हा तेथील अनेक कुटुंबांचा परिपाठच होऊन गेला आहे.

या क्रीडांगणावरचा मुख्य खेळ म्हणजे बर्फावरील हॉकी. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल शहरातील एका छपराखालच्या क्रीडागृहात या खेळाचा रीतसर सामना झाला आणि तेव्हापासून तो देशभर पसरला. आपल्या परिचयाच्या हॉकीत चेंडू असतो. या हॉकीत टणक रबराची चकती असते. तिचा व्यास सुमारे ७.६ सेंटिमीटर, जाडी अडीच सेंटिमीटर आणि वजन १७० ग्रॅमपर्यंत. ती घरंगळत नाही, बर्फावरून सरकत जाते, आणि जोराने टोलवली म्हणजे डोळ्यांना दिसेनाशी होते. प्रत्येक संघाचे सहा गडी एका वेळी खेळतात. त्यांतील एक गोलरक्षक असतो. सर्वांच्या बुटांच्या तळाशी पोलादी पाते बसविलेले असते. त्या पात्याच्या धारेवर तोल सावरीत, वाऱ्याच्या वेगाने घसरत जाऊन हातातील लांब काठीने चकती पुढे न्यावयाची, आणि ती प्रतिपक्षाच्या जाळ्यात घालावयाची.

हा खेळ केवळ चपळाईचा नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसे अंगाने अडवून धरतात, तसे येथे चकती नेणाऱ्या गड्याला खांद्याची किंवा कमरेची धडक देऊन बाजूस सारणे, ही या खेळाची एक मान्य रीत आहे. अर्थात पाठीमागून धडक देणे, काठीने मारणे, पाय घालून पाडणे हे अपराध मानले जातात आणि अपराध करणाऱ्या गड्याला ठरावीक वेळ मैदानाबाहेर बसावे लागते. पण नियमात बसणारी धडकसुद्धा काही हलकी नसते. या धडकेमुळेच ‘हा पुरुषांचा खेळ’ असा समज दृढ झाला.

तो समज इतिहासाला धरून नव्हता. ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी म्हणून कॅनडात आलेले लॉर्ड स्टॅन्ली यांची कन्या इझोबेल ही १८९० च्या सुमारास ओटावा येथे आपल्या मैत्रिणींसह बर्फावरील हॉकी खेळत असे. पुढे १९३० नंतरच्या दशकात ऑन्टॅरिओ प्रांतातील प्रेस्टन या गावच्या तरुणींच्या संघाने मोठा लौकिक मिळविला. पण दुसरे महायुद्ध आले आणि स्त्रियांचे संघ एकामागून एक मोडले. युद्ध संपले, तरी ते पुन्हा नीटसे उभे राहिले नाहीत. १९५५ च्या सुमारास टोरोंटोसारख्या मोठ्या शहरातदेखील एखाद्या लहान मुलीला हॉकी खेळावयाची झाली, तर तिच्यासाठी संघ नव्हता.

अशी एक मुलगी त्या शहरात होती. तिचे नाव ॲबिगेल हॉफमन. घरी तिला ॲबी म्हणत. तिचा जन्म ११ फेब्रुवारी १९४७ चा. भावांच्या सोबतीने ती फार लहानपणीच बर्फावर घसरावयास शिकली आणि त्यांच्याबरोबर हॉकी खेळू लागली. घरच्या अंगणात तिला कोणी ‘तू मुलगी आहेस’ म्हणून बाजूला बसविले नाही. त्यामुळे असे बसविणे जगात कोठे असू शकेल, हे तिच्या ध्यानातही आले नसावे.

१९५५ च्या हिवाळ्याच्या तोंडी टोरोंटोतील लहान मुलांच्या हॉकी संघांसाठी नावनोंदणी सुरू झाली. आठ वर्षांची ॲबीही तेथे गेली. नोंदणी केवळ मुलग्यांची आहे, हे तिला तेथे समजले. दुसरी एखादी मुलगी हिरमुसून घरी परतली असती. ॲबीचे केस आखूड कापलेले होते. तिने आपल्या नावाचे शेपूट तोडले आणि ‘ॲब हॉफमन’ असे नाव लिहविले. ॲब हे मुलाचे नाव म्हणून सहज खपून जाते. जन्माचा दाखला दाखवावा लागला. परंतु तो पाहणाऱ्याचे लक्ष वयाकडे होते, मुलगा की मुलगी या नोंदीकडे त्याची दृष्टी गेली नाही. ॲबला ‘टी पीज’ नावाच्या संघात घेण्यात आले.

सामन्याच्या दिवशी मुले खेळण्याचा पोशाख पिशवीत भरून आणीत आणि क्रीडागृहातील खोलीत कपडे बदलीत. ॲब मात्र घरूनच पोशाख चढवून येई. खांद्यांवरचे व गुडघ्यांवरचे जाड कवच, त्यावर संघाचा सदरा. एवढ्या सरंजामात मुलगा कोण आणि मुलगी कोण हे ओळखणे कठीणच. आईवडिलांना सारे ठाऊक होते. मुलीने खोटे नाव सांगावे, ही गोष्ट त्यांना कितपत रुचली असेल हे सांगता येत नाही. परंतु तिने खेळू नये असे त्यांनी म्हटले नाही.

ॲब बचावाच्या जागी खेळे. ही जागा भित्र्या गड्याची नव्हे. प्रतिपक्षाचा सर्वांत वेगवान गडी चकती घेऊन अंगावर येत असतो आणि त्याला अडविण्याचे काम बचावाच्या गड्याचे असते. पडावे लागते, आपटावे लागते आणि लगेच उठून पुन्हा धावावे लागते. ॲब हे सारे इतक्या हिमतीने करी की, हंगाम संपत आला तेव्हा त्या वयाच्या उत्तम बचावपटूंत तिची गणना होऊ लागली. निरनिराळ्या संघांतील निवडक मुले घेऊन एका स्पर्धेसाठी संघ बनवावयाचा होता. त्यात ॲब हॉफमन हे नाव होते.

आणि येथेच घोटाळा झाला. निवडलेल्या मुलांची वये पडताळून पाहण्यासाठी जन्माचे दाखले पुन्हा मागविण्यात आले. या वेळी ते वाचणाऱ्याने सबंध दाखला वाचला. मार्च १९५६ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी झळकली, की टोरोंटोच्या मुलांच्या संघात हिवाळाभर खेळलेला एक उत्तम बचावपटू ही नऊ वर्षांची मुलगी आहे. कॅनडाबाहेरच्या वृत्तपत्रांनीही ती बातमी छापली. छायाचित्रकार हॉफमन कुटुंबाच्या दारी आले. बहुतेकांनी त्या प्रकाराकडे एक गंमत म्हणून पाहिले.

एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. सबंध हंगाम ॲब मुलांबरोबर खेळली, त्यांच्या धडका तिने सोसल्या, त्यांना तिने धडका दिल्या. तिच्या संघातील सोबत्यांना, प्रतिपक्षाला, पंचांना किंवा शिक्षकांना तिच्या खेळावरून कधी शंका आली नाही. शंका आली ती कागदावरून. मुलीला हा खेळ झेपणार नाही असे म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत एक मुलगी तो खेळत होती आणि तो त्यांना मुलाचा खेळ वाटत होता. तरीही दाखला वाचल्यानंतर निर्णय खेळ पाहून झाला नाही. तो हंगाम कसाबसा निभावला. परंतु पुढे मुलग्यांच्या संघात ॲबीला जागा राहिली नाही. तिच्यासारख्या मुलींचा वेगळा संघ म्हणावा, तर तो उभा करण्याची तळमळ त्या काळी फारशी कोणाला नव्हती.

ॲबी प्रथम पोहण्याकडे आणि मग धावण्याकडे वळली. तिने निवडलेली शर्यतही लक्षात घेण्याजोगी आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक स्पर्धेत स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली होती. ती संपल्यावर काही धावपटू दमून खाली बसल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी या गोष्टीचा एवढा बाऊ केला की ती शर्यत स्त्रियांच्या शक्तीबाहेरची ठरवून बंद करण्यात आली. शर्यतीनंतर दमून बसलेले पुरुष त्या वृत्तपत्रांनी कधी पाहिलेच नसावेत! पुढे तब्बल ३२ वर्षांनी, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ती शर्यत परत आली. ॲबीने हेच अंतर आपलेसे केले. वयाच्या पंधराव्या वर्षी, १९६२ मध्ये, ती राष्ट्रकुलातील देशांच्या स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे गेली. १९६३ मध्ये अमेरिका खंडातील देशांच्या स्पर्धेत तिने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले आणि १९६६ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत ८८० यार्डांचे. १९६४ ते १९७६ या काळात ती चार ऑलिंपिक स्पर्धांत धावली. १९७६ ची स्पर्धा कॅनडातच, माँट्रियल येथे झाली. उद्घाटनाच्या दिवशी यजमान देशाचा ध्वज घेऊन पुढे चालण्याचा मान ॲबीकडे आला.

या यशाच्या काळातही दारे बंद होण्याचा अनुभव तिला सुटला नव्हता. टोरोंटो विद्यापीठात शिकत असताना हिवाळ्यात धावण्याचा सराव करावयास छपराखालची धावपट्टी हवी होती. ती ‘हार्ट हाउस’ नावाच्या इमारतीत होती आणि ती इमारत केवळ पुरुष विद्यार्थ्यांसाठी होती. ऑलिंपिकमध्ये देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या विद्यार्थिनीला त्या धावपट्टीवरून बाहेर काढण्यात आले. १९७२ मध्ये त्या संस्थेचे दार स्त्रियांना उघडले.

१९८१ मध्ये ॲबी हॉफमन कॅनडा सरकारच्या क्रीडाविभागाच्या प्रमुख झाल्या. या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच महिला. पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा विजेत्या संघाला द्यावयाच्या चषकाला त्यांचेच नाव देण्यात आले. तोपर्यंत मुलींचे संघ ठिकठिकाणी पुन्हा उभे राहू लागले होते. तेव्हा वाटावे, की ॲबीच्या लहानपणीचा प्रश्न आता मिटला. पण तो मिटला नव्हता. त्याने नवे रूप घेतले होते.

जस्टीन ब्लेनी ही त्याच टोरोंटो शहरातील मुलगी. तिचा जन्म १९७३ चा. तिचा भाऊ मुलांच्या संघात हॉकी खेळे आणि ती मुलींच्या संघात. दोघेही एकाच घरातून निघत, पण वाट्याला येणाऱ्या गोष्टी सारख्या नव्हत्या. मुलांना बर्फावर सरावाची वेळ अधिक मिळे, सामने अधिक मिळत, प्रतिस्पर्धी अधिक कसलेले असत. शिवाय मुलींच्या सामन्यांत अंगाने धडक देण्याची आणि काठी मागे उगारून जोरदार टोला हाणण्याची मनाई होती. जस्टीनला सगळाच खेळ शिकावयाचा होता. १९८५ मध्ये, बारा वर्षांची असताना, तिने मुलांच्या एका चांगल्या संघाची निवडचाचणी दिली. तिने नाव चोरले नाही, केसही कापले नाहीत. सर्वांसमक्ष ती मुलगी म्हणून चाचणीस उभी राहिली आणि निवडली गेली. संघाच्या शिक्षकांना ती हवी होती. परंतु ऑन्टॅरिओ प्रांताच्या हॉकी संघटनेच्या नियमांत खेळाडू मुलगाच असला पाहिजे असे होते. संघटनेने तिला खेळण्याचा परवाना नाकारला.

तेव्हा तिने आणि तिच्या आईने कायद्याचा आधार शोधला. त्या प्रांतात मानवी हक्कांची संहिता होती. स्त्री-पुरुष असा भेद करून कोणास सोयी नाकारू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले होते. परंतु त्याच संहितेत एक पोटकलम होते. खेळाच्या संस्थांना हा नियम लागू नाही, त्यांनी केवळ एका लिंगाच्या व्यक्तींना प्रवेश दिला तरी चालेल, असा त्याचा आशय. म्हणजे दुकानदाराने मुलीला माल नाकारला तर तो अपराध, पण हॉकी संघटनेने मैदान नाकारले तर तिच्याविरुद्ध तक्रारसुद्धा करता येऊ नये! कायद्याच्या घराला अशी एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती.

योगायोग असा की, त्याच वर्षी, १७ एप्रिल १९८५ रोजी, कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील समतेचे कलम अमलात आले. ही सनद राज्यघटनेचा भाग. प्रांताचा कायदा तिच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. तेव्हा जस्टीनच्या वकिलांनी प्रश्न केला तो असा, की ही उघडी खिडकी घटनेला मान्य आहे काय? खालच्या न्यायालयाने निकाल दिला, की या पोटकलमात भेदभाव आहे खरा, पण तो वाजवी आहे. जस्टीन हरली. प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. तेथे एप्रिल १९८६ मध्ये तीनपैकी दोन न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला. कोणतेही कारण न देता, कोणत्याही वयाच्या, कोणत्याही खेळातील मुलीला सरसकट वगळण्याची मोकळीक देणारे पोटकलम घटनेत बसत नाही, असे त्यांनी ठरविले. संघटनेने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला. तो त्या न्यायालयाने दाखल करून घेतला नाही.

एवढे झाले, तरी जस्टीन अजून बर्फावर उतरली नव्हती. न्यायालयाने केवळ तक्रारीचा मार्ग मोकळा केला होता. आता खुद्द तक्रारीची चौकशी व्हावयाची होती. ती होऊन १९८७ च्या अखेरीस निर्णय तिच्या बाजूने लागला आणि १९८८ च्या आरंभी ती मुलांच्या संघातून अधिकृतपणे खेळली. बारा वर्षांच्या मुलीने मागितलेली गोष्ट तिला मिळाली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. खेळाडूच्या आयुष्यात, त्यातही शिकण्याच्या वयात, ही मधली वर्षे फार मोलाची असतात. ती कोणत्याही निकालाने परत मिळत नाहीत. या काळात तिला लोकांकडून पुष्कळ कडवट शब्दही ऐकावे लागले. त्यांत मोठी माणसे होती, हे अधिक वाईट.

तिला विरोध करणारे सर्वच लोक हटवादी किंवा दुष्ट होते, असे मात्र समजू नये. त्यांच्या बोलण्यात दोन आक्षेप होते आणि दोन्ही नीट पाहण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप दुखापतीचा. अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली यांच्या उंचीत, वजनात, बळात फारसे अंतर नसते. किंबहुना त्या वयात पुष्कळदा मुलीच उंच असतात. पुढे वयात येताना मुलग्यांची हाडे व स्नायू झपाट्याने वाढतात. चौदा-पंधराव्या वर्षी साधारण मुलगा साधारण मुलीपेक्षा वजनाने व जोराने पुढे गेलेला असतो. तेव्हा धडकेच्या खेळात मुलीला अधिक इजा होण्याचा संभव आहे, हे म्हणणे पोकळ नाही. परंतु हे सर्वसाधारण मुलामुलींविषयी झाले. एकेका वर्गाकडे नजर टाकली, तर सर्वांत लहान मुलगा आणि सर्वांत थोराड मुलगा यांच्यातले अंतर कितीतरी मोठे दिसेल. लहानखुऱ्या मुलाला संघटना हाकलून देत नव्हती. त्याला धडक सोसेल की नाही हे चाचणीतच ठरत होते. जस्टीनचे मागणे एवढेच होते, की तिचेही तसेच ठरावे.

या आक्षेपाची आणखी एक बाजू बऱ्याच काळाने उजेडात आली. धडकेने मुलींना इजा होईल ही काळजी करता करता, मुलग्यांना किती इजा होते हे पाहावयाचे राहूनच गेले होते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत धडकेची मुभा होती आणि क्वेबेक प्रांतात त्या वयासाठी मनाई होती. संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांच्या दुखापतींची तुलना करून २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. जेथे मुभा होती तेथे सामन्यातील दुखापतींचा आणि मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. २०१३ मध्ये देशाच्या हॉकी संघटनेने त्या वयाच्या सर्वच खेळाडूंसाठी धडक बंद केली. मुलीला जपण्यासाठी जो नियम पुरेसा वाटत होता, तो मुलग्यालाही हवा होता, हे कळावयास इतकी वर्षे लागली.

दुसरा आक्षेप अधिक अवघड होता, कारण तो मुलींच्या हॉकी संघटनेकडूनच आला. त्या संघटनेतील स्त्रियांनी पदरमोड करून, पहाटेच्या आणि रात्रीच्या नकोशा वेळा पत्करून मुलींचे संघ उभे केले होते. त्यांचे म्हणणे असे, की उत्तम मुली मुलांच्या संघांत निघून गेल्या तर मुलींच्या संघात राहील काय? आणि आज मुलीला मुलांच्या संघात जाण्याचा हक्क दिला, तर उद्या मुलगे मुलींच्या संघांत जागा मागतील. मग मागे पडलेल्या मुलींनी कोठे जावे? ज्यांनी वर्षानुवर्षे घाम गाळून एक रोपटे वाढविले, त्यांना ते सुकण्याची धास्ती वाटली तर त्यांना दोष देता येत नाही.

यावर उत्तर एका बाजूला न्यायाच्या विचारातून मिळाले आणि दुसऱ्या बाजूला अनुभवातून. ज्यांना दीर्घकाळ मैदान मिळाले नाही त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा, आणि ज्यांच्याकडे सर्व मैदाने होतीच त्यांनी घातलेले कुंपण, या दोन गोष्टी दिसावयास सारख्या असल्या तरी एक नव्हेत. म्हणून मुलांच्या संघांचे दार चाचणीला उतरणाऱ्या मुलीसाठी उघडले, तरी मुलींचे संघ मुलींचेच राहू शकले. आणि ते ओसही पडले नाहीत. १९९० मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ओटावा येथे झाली आणि ती कॅनडाने जिंकली. १९९८ मध्ये जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिक स्पर्धेत स्त्रियांच्या हॉकीचा प्रथमच समावेश झाला. अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरविले. त्या कॅनडाच्या संघातील काही खेळाडू लहानपणी मुलांच्याच संघांत घडलेल्या होत्या. गोलरक्षक मॅनॉन रेओम हिने मुलांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत बालपणीच भाग घेतला होता, आणि १९९२ मध्ये तर पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून एका सराव सामन्यात तिने जाळे सांभाळले होते. नऊ टोल्यांपैकी सात तिने अडविले. हेली विकेनहायझर ही सॅस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहान गावची मुलगी. वयाच्या तेराव्या वर्षापर्यंत ती मुलांच्या संघांत खेळली आणि पुढे तिने देशासाठी ऑलिंपिकची चार सुवर्णपदके मिळविली. खेळातून निवृत्त झाल्यावर ती डॉक्टर झाली. अशा मुली मुलांच्या संघांत शिकल्या आणि तेथे कमावलेले कौशल्य त्यांनी मुलींच्या खेळात आणले. वाट एकाच दिशेची नव्हती.

स्त्रियांच्या सामन्यांत धडकेचा नियम काय असावा, याविषयी मात्र मतभेद राहिले. १९९० च्या जागतिक स्पर्धेत धडकेची मुभा होती. त्यानंतर ती काढून घेण्यात आली. काही खेळाडूंच्या मते त्यामुळे खेळ अधिक वेगवान व कौशल्याचा झाला. काहींना तो अपुरा वाटला. जस्टीनला बाराव्या वर्षी जे हवे होते, ते मुलींच्या खेळात पुढेही पुष्कळ काळ मिळत नव्हते.

जस्टीन ब्लेनी पुढे टोरोंटो विद्यापीठात दाखल झाली आणि तेथील महिला संघातून खेळू लागली. १९९३ मध्ये विद्यापीठाने खर्च कमी करण्यासाठी हा संघ बंद करण्याचा विचार चालविला. मुलींच्या हॉकीचे तिच्यामुळे नुकसान होईल, असे जिच्याविषयी एके काळी बोलले गेले होते, तीच मुलगी आता मुलींचा संघ वाचविण्यासाठी पुढे आली. तिने आपल्या सोबतिणींना एकत्र केले, लोकांचा पाठिंबा मिळविला आणि तो संघ टिकला.